रिचर्ड लॅझारस यांचा जीवनपरिचय : प्रसंग एकच, ताण मात्र ज्याचा त्याचा



आजच्या लेखात आपण रिचर्ड लॅझारस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा जीवनपरिचय करून घेणार आहोत. आपण डी.एड.ला, बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र शिकलो. त्यात बिने भेटले, पियाजे भेटले, थॉर्नडाइकची मांजर आणि स्किनरचा उंदीरही भेटला. लॅझारस मात्र ताणतणावाच्या प्रकरणात एखाद्या ओळीत येऊन जातात. खरं तर ताण या विषयावर जगात कुठेही संशोधन होवो, त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि आपल्या शिक्षकांना रोज वर्गात जे दिसतं त्याचाच शोध हा माणूस पन्नास वर्षं घेत होता, म्हणून हा लेख.

त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण बघू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, वेळ ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतरही किल्लारी, औसा, निलंगा या भागात अधूनमधून सौम्य धक्के बसत आले आहेत. असा धक्का बसला की बघा काय होतं. घरातली आजी ताडकन उठून नातवंडांना ओढत अंगणात येते, तिचे हातपाय थरथर कापतात. त्याच घरातला कॉलेजचा पोरगा मोबाईलवर किती रिश्टरचा होता ते शोधत बसतो. यंत्रावर आकडा एकच. आजीने १९९३ बघितलेलं असतं, पोराने नाही. मग धक्का किती मोठा होता हे यंत्र सांगेल, पण ताण किती होता हे कोण सांगणार?

लॅझारस यांच्या आयुष्यभराच्या कामामागे हाच प्रश्न होता.

जन्म, शिक्षण आणि युद्ध

रिचर्ड लॅझारस यांचा जन्म ३ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तिथल्याच सिटी कॉलेजमधून ते १९४२ साली पदवीधर झाले. गरिबांच्या हुशार मुलांना फुकट शिकवणारं कॉलेज म्हणून त्या काळी त्याची ख्याती होती. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे पदवीनंतर ते सैन्यात गेले. १९४५ साली बर्निस यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सैन्यातून सुटल्यावर त्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली.

युद्धाने त्या पिढीच्या मानसशास्त्रज्ञांपुढे एक कोडं टाकून ठेवलं होतं. एकाच विमानात बसून, एकाच मोहिमेवर जाऊन, एकाच गोळीबारातून परत आलेले वैमानिक. त्यातला एक दुसऱ्या दिवशी पुन्हा उड्डाणाला तयार आणि दुसरा रात्रभर झोपेतून दचकून उठतोय. सैन्याला यात रस होता तो सरळ कामापुरता. कोण टिकेल आणि कोण कोलमडेल हे आधी कळलं तर हवं होतं.

लॅझारस १९४८ ला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवायला लागले तेव्हा त्यांनी हेच हातात घेतलं. ताणाखाली माणसाचं काम सुधारतं की बिघडतं? १९५२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत यावरच्या तोवरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. उत्तर काही सरळ निघेना. काहींचं काम ताणाखाली सुधारत होतं, काहींचं बिघडत होतं, काहींना काहीच फरक पडत नव्हता. सरासरी काढली की सुधारलेले आणि बिघडलेले एकमेकांना खाऊन टाकत, आणि कागदावर काहीच घडलं नाही असं दिसे. दुसरा एखादा संशोधक विषय निकामी समजून सोडून देता. लॅझारस यांना वाटलं की हा फरक हेच तर खरं उत्तर आहे. (आपण वर्गाच्या निकालाची सरासरी काढतो तेव्हाही असंच होतं, पण तो वेगळा विषय.)

त्याच सुमाराचा, १९५१ चा, त्यांचा एक प्रयोग गमतीशीर आहे. अर्थ नसलेली काही अक्षरं पडद्यावर दाखवायची आणि त्यातल्या ठराविक अक्षरांबरोबर हलका विजेचा झटका द्यायचा. नंतर तीच अक्षरं इतक्या कमी वेळासाठी दाखवायची की डोळ्यांना नीट वाचताही येऊ नयेत. माणूस अक्षर चुकीचं सांगायचा, पण झटक्याचं अक्षर आलं की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. म्हणजे तोंडाला कळायच्या आत शरीराने धोका ओळखलेला असायचा. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

उंदीर एकसारखे, माणसं नाहीत

त्या काळात ताण म्हटलं की एकच नाव होतं, हान्स सेली. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये काम करणाऱ्या या डॉक्टरांनी १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. उंदराला गारठ्यात ठेवा, जखम करा, नाहीतर विषारी औषध टोचा, शरीराचा प्रतिसाद एकाच ठरलेल्या पद्धतीचा येतो. वृक्कावरच्या ग्रंथी मोठ्या होतात, पोटात व्रण पडतात. सेली यांचं काम मोठंच आहे, त्यांनीच ताण हा शब्द घरोघरी पोचवला. पण त्यांच्या मांडणीत प्रसंग आणि शरीर या दोघांच्या मध्ये कुणीच नाही. लॅझारस यांचं म्हणणं होतं की मध्ये माणूस बसलेला आहे आणि तो आलेल्या प्रसंगाचा काहीतरी अर्थ लावतोय.

हे सिद्ध कसं करायचं? १९५७ साली ते कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आले आणि शेवटपर्यंत तिथलेच झाले. तिथे त्यांनी लोकांना चित्रपट दाखवायला सुरुवात केली.

चित्रपट करमणुकीचे नव्हते. एक होता ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधीचा. त्यात वयात येणाऱ्या मुलांच्या अंगावर दगडी पात्याने छेद देतात. मूळ चित्रपटाला आवाज नव्हता. लॅझारस आणि सहकाऱ्यांनी त्याला वेगवेगळी निवेदनं जोडली. एका निवेदनात वेदना आणि धोका यांवरच भर. दुसऱ्यात मुलांना फारसं दुखत नाही, त्यांच्यासाठी हा आनंदाचा दिवस आहे असा सूर. तिसऱ्यात एखादा अभ्यासक दुरून निरीक्षण करतोय तसा कोरडा सूर. बघणाऱ्यांच्या हाताला तारा लावून त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजलं जाई. तळहाताला घाम आला की वीज जास्त वाहते, इतकं साधं तत्त्व. हृदयाचे ठोकेही मोजत.

डोळ्यांसमोर सगळ्यांच्या तेच दृश्य होतं. पण वेदनेचं निवेदन ऐकणाऱ्यांचा आलेख वर गेला आणि बाकीच्या दोन निवेदनांत तो खाली राहिला. दृश्य न बदलता फक्त अर्थ बदलला, तर ताण बदलला.

यातली खरी मेख पुढे आहे. १९६४ च्या अभ्यासात प्रेक्षकांचे दोन गट होते, कॉलेजचे विद्यार्थी आणि विमान कंपनीतले अधिकारी. विद्यार्थ्यांना अभ्यासकाचा कोरडा सूर जास्त उपयोगी पडला. अधिकाऱ्यांना मात्र सगळं ठीक आहे सांगणारा सूर जास्त मानवला. म्हणजे दिलासा सगळ्यांना एकाच मापाचा बसत नाही. कुणाला माहिती दिली की धीर येतो, कुणाला ती नको असते. आपण सगळ्या वर्गाला मिळून घाबरू नका असं एकदाच सांगतो आणि आपलं काम झालं असं समजतो, तिथे हा अभ्यास मला फार आठवतो.

दुसरा एक चित्रपट सुतारकामाच्या कारखान्यातल्या अपघातांचा होता. बोट तुटतं, करवतीवरून उडालेल्या फळीने एक कामगार मरतो. हे नट आहेत असं आधी सांगितलं की बघणाऱ्यांची धडधड कमी व्हायची.

याच पद्धतीचा प्रयोग त्यांनी जपानमध्येही केला. तिथे गंमत झाली. तुलनेसाठी एक अगदी निरुपद्रवी चित्रपट ठेवला होता, भातशेतीचा. जपानी प्रेक्षकांच्या तळहाताला तो बघतानाही घाम होता, भीतीदायक चित्रपटाइतका नसेल पण चांगलाच. अर्थ असा लावला गेला की प्रयोगशाळेत बसवून, तारा लावून, कुणीतरी आपल्याला तपासतंय हाच त्यांच्यासाठी मोठा प्रसंग होता. आमच्याकडे तपासणीला साहेब आले की दुसरीचं पोरगं स्वतःचं नाव विसरतं. त्याला नाव येत नाही असं थोडंच आहे!

दोन प्रश्न

१९६६ साली त्यांचं मोठं पुस्तक आलं आणि त्यात ही सगळी मांडणी होती. नंतर १९८४ मध्ये सुसान फोकमन यांच्यासोबत त्यांनी ताण, मूल्यांकन आणि सामना या विषयावरचं पुस्तक लिहिलं. ते आजही या विषयाचं मूळ पुस्तक मानलं जातं. फोकमन बाईंबद्दल एवढंच सांगते की त्यांनी चाळिशीत, १९७९ साली, बर्कलीतून डॉक्टरेट पूर्ण केली. उशिरा शिकणाऱ्या आपल्या भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तर मांडणी अशी. कुठलाही प्रसंग समोर आला की माणूस नकळत स्वतःला दोन प्रश्न विचारतो. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? दुसरा, मला यात काय करता येईल? पहिल्या प्रश्नाला ते प्राथमिक मूल्यांकन म्हणाले आणि दुसऱ्याला दुय्यम. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं असं नाही, दोन्ही एकमेकांत मिसळूनच चालतात. काही पणाला लागलं नसेल तर ताण नाहीच. लागलं असेल तर ते तीन रूपांत दिसतं. नुकसान होऊन गेलेलं असतं, किंवा नुकसानीचा धोका दिसतो, किंवा मग ते आव्हान वाटतं, ज्यात कष्ट आहेत पण मिळवण्यासारखंही काही आहे.

आता आपल्या मराठीकडे बघा. हल्ली आपण सगळ्याला टेन्शन म्हणून मोकळे होतो. पण जुनी माणसं काय म्हणायची? धास्ती घेतली, म्हणजे धोका. हळहळ लागली, म्हणजे नुकसान होऊन गेलंय. ईर्षेला पेटला, हुरूप आला, म्हणजे आव्हान. जिवाला घोर लागला म्हणजे पणाला लागलंय खूप आणि करता काहीच येत नाही. लॅझारस यांनी जे कप्पे संशोधनातून पाडले ते आपल्या बोलण्यात आधीपासून होते. मुलांना टेन्शन आलंय का असं विचारलं तर सगळे हात वर करतात. धास्ती वाटतेय की हुरूप आलाय असं विचारलं तर हात वेगवेगळे वर येतात. मी शिष्यवृत्तीच्या मुलांना असंच विचारते. कुणाची धास्ती पेपरची नसतेच, निकालानंतर चुलत भावाशी तुलना होईल याची असते. त्याला जास्तीचे सराव पेपर देऊन काय उपयोग?

मोजायचं कसं?

हे सगळं मोजायचं म्हणजे जिकिरीचं काम. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणे २९. वर्षभराच्या घटनांचे गुण मिळवा आणि ताण काढा, इतकं सोपं. ही पद्धत फार गाजली. पण वाचकहो, २९ गुण? आपल्याकडे दुष्काळाच्या साली सोयाबीन गेलेल्या बापाने सावकाराकडून पैसे काढून मुलीचं लग्न लावलं आणि ती सासरी गेली, तर २९? आणि ज्याच्या दोन्ही पोरी शिकून नोकरीला लागल्या, धुमधडाक्यात लग्नं झाली, त्यालाही २९च? घटनेला गुण देणारी पट्टी माणसाला विचारतच नाही, हीच लॅझारस यांची हरकत होती.

त्यांच्या बर्कलीच्या गटाने उलट्या बाजूने सुरुवात केली. मोठ्या घटना राहू द्या, रोजच्या कटकटी विचारा. १९८१ मध्ये त्यांनी ११७ कटकटींची यादी आणि १३५ सुखाच्या छोट्या गोष्टींची यादी प्रसिद्ध केली. वस्तू हरवणं, महागाई, घरच्यांची तब्येत, वजन वाढणं, वेळ न पुरणं अशा गोष्टी. मध्यमवयीन १०० जणांकडून महिन्यामागून महिने या याद्या भरून घेतल्या. यादीतलं काय घडलं एवढंच न विचारता ते किती टोचलं हेही विचारलं. रोजच्या कटकटींवरून माणसाच्या मनाच्या तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा जास्त चांगला येतो, असं आढळलं.

यावर टीकाही जोरात झाली. ब्रूस डोहरेनवेंड यांच्यासारख्या संशोधकांचं म्हणणं होतं की यादीतल्या बऱ्याच कटकटी म्हणजे मुळात आजाराचीच लक्षणं आहेत, मग त्यांचा आजाराशी संबंध दिसणारच. ही टीका फुसकी नव्हती. लॅझारस यांचं उत्तर साधारण असं की माणसाने लावलेला अर्थ वगळून शुद्ध ताण मोजायला जाल तर हातात काहीच उरणार नाही. मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. पट्टी आणि मोजायची वस्तू एकमेकांत गुंतलेली असली की मापात गडबड होणार, पण म्हणून वस्तूच फेकून देता येत नाही.

आपल्या कामाचा सर्वांत जवळचा अभ्यास १९८५ चा आहे. फोकमन आणि लॅझारस यांनी १०८ विद्यार्थ्यांना एकाच परीक्षेच्या संदर्भात तीन वेळा गाठलं. परीक्षेआधी, परीक्षा झाल्यावर पण गुण कळायच्या आधी, आणि गुण कळल्यावर. परीक्षेआधी बहुतेक सगळ्या मुलांमध्ये भीती आणि उत्साह दोन्ही एकाच वेळी होते. म्हणजे एखादं मूल घाबरलेलं आहे की तयार आहे हा आपला प्रश्नच चुकीचा, ते दोन्ही असतं. परीक्षेआधी मुलं प्रत्यक्ष काहीतरी करण्याकडे वळलेली होती, अभ्यास, विचारपूस, नियोजन. पेपर झाल्यावर तसं करण्यासारखं काही उरत नाही, तेव्हा ती विषयच मनातून लांब ठेवत होती. आपल्या लातूर पॅटर्नमधल्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं. नीटचा पेपर देऊन आलेला मुलगा चार दिवस नुसता झोपतो किंवा क्रिकेट खेळतो तेव्हा त्याला काळजी नाही असं समजू नका. निकालाची वाट बघण्याची ती त्याची पद्धत असते.

मोजमापाचं काम इतरांनीही पुढे नेलं. १९८३ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १४ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली केली. गेल्या महिन्यात तुम्हाला गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या किती वेळा वाटल्या, अशा धर्तीची. १९९० मध्ये पीकॉक आणि वाँग यांनी थेट मूल्यांकनासाठीच २८ प्रश्नांची मोजपट्टी बनवली. तिचे सात भाग आहेत. धोका किती वाटतो, आव्हान किती, हे माझ्यासाठी किती महत्त्वाचं, माझ्या हातात किती, दुसऱ्याच्या मदतीने किती सुटेल, कुणाच्याच हातात नाही असं किती वाटतं, आणि एकूण ताण किती. बघा, लॅझारस यांचे ते दोन प्रश्नच इथे उलगडून मांडले आहेत. आजीला आणि पोराला ही पट्टी दिली तर धोक्याच्या रकान्यात दोघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. एक सूचना मात्र करते. या प्रश्नावल्या परदेशात, मोठ्या माणसांसाठी तयार झालेल्या आहेत. भाषांतर करून तिसरी-चौथीच्या मुलांकडून भरून घेऊ नका आणि त्यावरून कुणाला कमकुवत ठरवू नका.

वाद आणि उत्तरायुष्य

१९८० च्या दशकात रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञांशी त्यांचा मोठा वाद झाला. झायोंक यांचं म्हणणं असं की भावना आधी येते, तिला विचारांची गरज नाही. लॅझारस म्हणाले, अर्थ लावल्याशिवाय भावना नाही, पण अर्थ लावणं म्हणजे सावकाश बसून केलेला हिशेब नव्हे, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत आणि नकळतही होतं. १९५१ चा तो अक्षरांचा प्रयोग आठवा. तीस वर्षांपूर्वीचं स्वतःचंच काम त्यांच्या बाजूने उभं राहिलं. हा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही.

१९८९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने त्यांना विज्ञानातल्या विशेष योगदानाचा सन्मान दिला. १९९१ ला ते बर्कलीतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी भावनांवरचं त्यांचं मोठं पुस्तक निघालं. निवृत्तीनंतर ते स्वस्थ बसले नाहीत.

उतारवयात त्यांनी जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. ज्यांच्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जात होत्या त्या माणसानेच प्रश्नावल्यांच्या मर्यादा दाखवायला सुरुवात केली. लोक एकदाच यादी भरून घेतात, बेरीज करतात आणि माणूस समजला असं मानतात, याचा त्यांना त्रास व्हायचा. त्यांचा आग्रह होता की त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावं, त्याची हकीकत सविस्तर ऐकावी, एका प्रसंगाचा अर्थ त्याच्यासाठी काल काय होता आणि आज काय आहे ते पाहावं. यात वेळ फार जातो आणि शोधनिबंध कमी निघतात, त्यामुळे त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही.

पत्नी बर्निस यांच्यासोबत त्यांनी सामान्य वाचकांसाठी भावनांवर एक पुस्तक १९९४ मध्ये लिहिलं होतं. त्यानंतर दोघांनी म्हातारपणाकडे मोर्चा वळवला. वय वाढलं की काय काय पणाला लागतं आणि तरी हातात काय उरतं, हा विषय. २४ नोव्हेंबर २००२ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, कॅलिफोर्नियात रिचर्ड लॅझारस यांचं निधन झालं. म्हातारपणावरचं ते पुस्तक २००६ मध्ये प्रसिद्ध झालं, दोघांच्या नावाने.